स्केलिग मायकल: अटलांटिकमधल्या सुळक्यावरचा मठ आणि त्याचं मोल नक्की कशात आहे

आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला काउंटी केरी नावाचा भाग आहे, आणि तिथल्या किनाऱ्यापासून साधारण १२ किलोमीटर आत समुद्रात दोन सुळके उभे आहेत. मोठा तो स्केलिग मायकल, धाकटा लिटल स्केलिग. मोठ्याचं क्षेत्रफळ जेमतेम २२ हेक्टर पण उंची २१८ मीटर, त्यामुळे सपाट जागा म्हणावी अशी तिथे निसर्गाने ठेवलेलीच नाहीये, सगळा उभा कडा. आणि या कड्यावर, समुद्रापासून जवळपास १८० मीटर उंचीवर, ख्रिस्ती साधूंनी हजार-बाराशे वर्षांपूर्वी नुसत्या दगडांनी बांधलेला मठ अजून उभा आहे. १९९६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा यादीत घेतलं. आयर्लंड प्रजासत्ताकात अशी साईट तेव्हा एकच होती, ब्रू ना बोन्या (प्रागैतिहासिक दगडी थडग्यांची जागा), १९९३ ची, आणि ही दुसरी.

जुनं आहे म्हणून जपायचं, एवढं म्हटलं की आपलं काम संपलं असं बऱ्याचदा होतं, पण स्केलिगच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. नक्की काय जपायचं हेच तिथे वादाचं ठरलं, आणि त्या वादातून हेरिटेज म्हणजे काय हे जेवढं कळतं तेवढं पुस्तकी व्याख्यांतून कळत नाही असं माझं ठाम मत आहे. म्हणून ही केस जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट मान्य करू. एकेक इमारत सुटी काढून बघितली तर स्केलिगवर जे आहे ते आयर्लंडमध्ये इतरत्रही सापडतं. घुमटासारख्या दगडी खोप्या शेजारच्या डिंगल द्वीपकल्पावर भरपूर आहेत, तिथलंच गॅलरसचं प्रार्थनाघर तर बांधणीत स्केलिगपेक्षाही देखणं आहे, बेटावरचे मठ म्हणाल तर स्लायगोच्या किनाऱ्यासमोर इनिशमरे आहे, कॉनेमाराच्या बाजूला हाय आयलंड आहे. मग एवढा मान स्केलिगलाच का? कारण इथे पूर्ण संसार एकत्र टिकलाय (साधूंचा संसार म्हणायला विचित्र वाटतं पण दुसरा शब्द सुचत नाही). बोटीतून उतरायची जागा, तिथून वर जाणाऱ्या पायऱ्या, कड्यावर बांधून काढलेले सपाट टप्पे, पाण्याची टाकी, भाजीची बाग, राहायच्या खोल्या, प्रार्थनाघरं, दफनभूमी, आणि या सगळ्यापासूनही लांब जाऊन एकट्याने राहायची सुळक्यावरची जागा. साधू निघून गेल्यावर वर कोणी गाव वसवलं नाही, दगड उपसून दुसरीकडे नेले नाहीत, शेती केली नाही, कारण तिथे जाणंच इतकं जिकिरीचं. माझ्या मते स्केलिगचं खरं मोल या जिकिरीत आहे. तिथे पोचायचा त्रास हा वारशाचाच भाग आहे, आणि तो त्रास कमी करणारा प्रत्येक निर्णय त्या वारशातून थोडं काहीतरी काढून घेतो.

चढ कसा आहे ते बघा. बेटावर पायऱ्यांच्या तीन वाटा आहेत, पूर्वेची ब्लाइंड मॅन्स कोव्हमधून, दक्षिणेची क्रॉस कोव्हमधून आणि उत्तरेची ब्लू कोव्हमधून. तीन का, तर वारा आणि लाटा ज्या दिशेच्या असतील त्यानुसार ज्या बाजूला जरा शांत असेल तिथे होडी लावता यावी. म्हणजे मठ बांधणाऱ्यांनी आधी समुद्राचा नीट अभ्यास केला होता, उगाच श्रद्धेच्या भरात कुठेही जाऊन बसले असं नाही. आज पर्यटक दक्षिणेच्या वाटेने चढतात, त्या सहाशेच्या वर पायऱ्या आहेत, साधे सपाट दगड एकावर एक रचलेले, एका बाजूला उतार आणि उताराखाली थेट पाणी. मध्ये दोन शिखरांच्या मधली खिंड लागते, तिला क्राइस्ट्स सॅडल म्हणतात, आणि तिथून एक वाट ईशान्येच्या शिखराकडे मठाला जाते आणि दुसरी बाजू दक्षिण शिखराकडे, जिथे तो एकांतवासाचा ठिय्या आहे. दक्षिण शिखरावर सर्वसाधारण पर्यटकांना जाता येत नाही.

मठात सहा खोप्या शाबूत आहेत, एकीचे फक्त अवशेष उरलेत. बांधणी कोकणातल्या गडग्यासारखी, चुना नाही, मसाला नाही, दगडावर दगड. फक्त इथे भिंत वर जाता जाता प्रत्येक थर आतल्या बाजूला थोडासा पुढे काढत नेलाय, होता होता वरचं तोंड इतकं लहान होतं की दोन-तीन दगडांनी झाकलं जातं. दगड ठेवतानाही ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवलेत, म्हणजे पावसाचं पाणी आत न शिरता बाहेरच ओघळतं. बाहेरून खोपी गोल दिसते पण वाकून आत गेलात की खालची जमीन चौकोनी, आणि मान वर केली की तोच चौकोन हळूहळू गोल होत गेलेला, हे कोपरे त्यांनी कसे जिरवले असतील ते बघत बसावं असं आहे. भिंती एक-दोन मीटर जाड, भिंतीतच कोनाडे सोडलेले सामान ठेवायला. सर्वात मोठी खोपी आतून साधारण ५ मीटर उंच आहे. बाहेरच्या अंगाला काही दगड मुद्दाम पुढे आलेले दिसतात, ते वर चढून काम करायला होते की वरून गवताचं आच्छादन बांधायला, यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत.

पण माझ्या मते खोप्यांपेक्षा खालच्या भिंती जास्त मोठं काम आहे, आणि फोटोत त्या कोणी बघतच नाही. हा उतार इतका तीव्र आहे की आधी कड्याच्या कडेला उंच भिंती उभारायच्या, मग त्यांच्या मागे दगडमाती भरून सपाट टप्पा करायचा आणि मग त्यावर खोपी, असा सगळा उलटा क्रम. त्या भिंती आहेत म्हणून मठ आहे. एक भिंत सरकली की तिच्यावरचं सगळंच समुद्रात.

पाण्याचं तर आणखीनच. बेटावर झरा नाही. जे काही पाणी ते पावसाचं, मग खडकावरून वाहणारं पाणी वळवून टाक्यांमध्ये साठवायची व्यवस्था त्यांनी केली. बाग होती, ती जिथे वारा अडतो अशा टप्प्यावर, आणि मठाची जागाच अशी निवडली आहे की डोंगराच्या आडोशाने तिथे बाकीच्या बेटापेक्षा वारा कमी लागतो. खायला मासे, समुद्रपक्षी, त्यांची अंडी, बागेतली भाजी. एका वेळी डझनभर साधू आणि एक मठाधिपती, एवढीच वस्ती असावी असा अंदाज केला जातो. डझनभर माणसांसाठी हे एवढं बांधकाम.

हे लोक तिथे गेले कशाला हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचं मूळ इजिप्तमध्ये आहे. तिसऱ्या-चौथ्या शतकात सेंट अँथनीसारखे ख्रिस्ती साधू वस्ती सोडून वाळवंटात जाऊन राहिले, आणि ती प्रथा युरोपभर पसरत आयर्लंडपर्यंत आली. आयर्लंडमध्ये वाळवंट कुठून आणायचं, मग तिथल्या साधूंनी समुद्र निवडला. परंपरेनुसार मठ सेंट फिओनानने सहाव्या शतकात स्थापन केला, पण तसा लेखी पुरावा नाही. पक्की नोंद मिळते ती आठव्या शतकाच्या शेवटाला, सुइबनी नावाच्या स्केलिगच्या साधूची. मग ८२४ च्या सुमारास व्हायकिंग आले, त्यांनी मठ लुटला, एटगल नावाच्या मठाधिपतीला पकडून नेलं आणि तो त्यांच्या ताब्यात असताना उपासमारीने मेला असं जुन्या आयरिश बखरींमध्ये लिहिलंय. लुटायला तिथे होतं तरी काय, पण आले. तरीही मठ चालूच राहिला, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं. १०४४ च्या नोंदीत पहिल्यांदा नावाला मायकल जोडलेलं दिसतं, म्हणजे तोपर्यंत मठ सेंट मायकलला अर्पण झाला होता. उंच जागा आणि सेंट मायकल ही जोडी युरोपात सगळीकडे आहे, फ्रान्सचं मोंट सेंट मिशेल, इंग्लंडमधलं सेंट मायकल्स माउंट, त्याच माळेतलं हे. बाराव्या-तेराव्या शतकात मात्र साधू किनाऱ्यावर बॅलिनस्केलिग्जला राहायला गेले. हवामान जास्त वादळी झालं, शिवाय आयरिश चर्चची जुनी मठांची पद्धत मोडून नवी व्यवस्था येत होती, अशी दोन्ही कारणं दिली जातात.

पुढची काही शतकं स्केलिग यात्रेचं ठिकाण झालं. यात्रा कशी, तर दक्षिण शिखरावर नीडल्स आय नावाची खडकातली अरुंद चिमणी आहे, तिच्यातून अंग घासत वर जायचं, मग वर समुद्रावर लटकणाऱ्या एका खडकाच्या पट्टीवर बसून सरकत सरकत टोकाला जायचं आणि तिथे उभ्या केलेल्या क्रॉस कोरलेल्या शिळेचं चुंबन घ्यायचं. केरीचा इतिहास लिहिणाऱ्या चार्ल्स स्मिथने १७५६ साली हे सविस्तर लिहून ठेवलंय. ती शिळा १९७७ च्या सुमारास नाहीशी झाली. लोकांनी आणखी एक गंमत लावून धरली होती, लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत लग्न लावता येत नसे, पण स्केलिगचं कॅलेंडर मागे आहे म्हणून तिथे चालतं असा समज होता, त्यामुळे केरी आणि कॉर्ककडे लग्न न जमलेल्या पोरापोरींची नावं जोडून चेष्टेच्या कविता फिरवायचे, त्याला स्केलिग लिस्ट म्हणत. मठाचा हा भाग मला फार आवडतो, साधू गेले तरी जागा लोकांच्या जिभेवर राहिली.

१५७८ मध्ये एलिझाबेथ राणीच्या राजवटीत बेट मठाच्या हातून गेलं आणि बटलर घराण्याकडे आलं, त्याचा वार्षिक खंड म्हणे दोन ससाणे आणि पफिन पक्ष्यांची पिसं. १८२० च्या दशकात डब्लिन बंदराच्या प्रशासनाने दीपगृहासाठी बेट विकत घेतलं. दोन दीपगृहं बांधली, १८२६ ला दिवे लागले. वरचं १८७० मध्ये बंद केलं, खालचं अजून चालू आहे, १९८७ पासून ऑटोमॅटिक. या बांधकामात सुरुंग लावून खडक फोडला, रस्ता केला, आणि त्यात पूर्वेकडच्या जुन्या पायऱ्यांचा खालचा भाग उडाला. वारशाचं नुकसान झालं हे खरंच. पण दीपगृहवाले तिथे बायकापोरांसह राहिले हेही खरं. मठातल्या सेंट मायकलच्या चर्चच्या पडक्या भिंतींमध्ये एका दीपगृह रखवालदाराच्या दोन लहान मुलांची कबर आहे, १८६० च्या दशकातली. आणि १९५१ च्या डिसेंबरमध्ये एका लाटेने दीपगृहाची काच फोडली होती, दीपगृह समुद्रापासून पन्नासएक मीटर वर असताना! हे वाचलं की साधूंनी १८० मीटरवर मठ का बांधला हे वेगळं सांगायला लागत नाही. काही जण दीपगृहाकडे उपरं म्हणून बघतात, मला ते पटत नाही, त्याच खडकावर त्याच वाऱ्यात माणसांनी दिवस काढले, त्यालाही मोल आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. १८८० मध्ये मठाची देखभाल सरकारी बांधकाम खात्याकडे आली, ऑफिस ऑफ पब्लिक वर्क्स, तिकडे सगळे ओपीडब्ल्यू म्हणतात. १९८९ ला दीपगृहाचा भाग सोडून बेट सरकारने विकत घेतलं. १९७८ पासून तिथे सलग दुरुस्तीचं काम चालू आहे, दर उन्हाळ्यात गवंडी बेटावर मुक्काम करून राहतात, सामान हेलिकॉप्टरने किंवा बोटीने, आणि १९८६ पासून कामाच्या बरोबरीने उत्खनन. युनेस्कोने यादीत घेताना दोन निकष लावले, एक म्हणजे एका लोप पावलेल्या जीवनपद्धतीची ही असामान्य साक्ष आहे, आणि दुसरा म्हणजे अशा प्रकारच्या वस्तीचं हे अव्वल उदाहरण आहे, तेही दुर्गमतेमुळे विलक्षण टिकलेलं. दुर्गमता थेट मूल्यमापनातच आली, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं.

मठाच्या भागातलं काम तुलनेने सरळ होतं. भार पेलणाऱ्या भिंती फुगल्या होत्या, ढासळत होत्या, त्या क्रमाक्रमाने उतरवून परत रचल्या. यात एकोणिसाव्या शतकात लॉर्ड डनरेव्हन यांनी करून घेतलेले फोटो फार उपयोगी पडले, कारण आधी कसं होतं हे दाखवणारं काहीतरी हातात होतं.

दक्षिण शिखरावर तसं काही नव्हतं. तिथल्या एकांतवासाचा नीट अभ्यास १९८० च्या दशकात झाला आणि १९९० मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि तेव्हा लोकांना कळलं की समुद्रापासून २०० मीटरच्या वर, जिथे दोरीशिवाय उभं राहायला भीती वाटावी अशा कपारींवर कोणीतरी तीन टप्पे बांधले होते. एका टप्प्यावर छोटं प्रार्थनाघर, एक बागेचा, एक पार बाहेरच्या टोकाला, आणि खडकात पाणी साठवायचे खळगे. बहुधा नवव्या शतकातलं. म्हणजे मठातला एकांत पुरेसा वाटला नाही म्हणून कोणीतरी आणखी वर जाऊन राहिलं. विचार करा, दगड वर नेला कसा असेल, माती नेली कशी असेल.

पण यातलं बरंचसं पडलेलं होतं, भिंतींचे खालचे एक-दोन थर, विखुरलेले दगड. ओपीडब्ल्यूने २००० नंतरच्या दशकात उत्खनन करून त्यातल्या बऱ्याच भिंती परत उभ्या केल्या. आणि मग भांडण पेटलं. काही पुरातत्त्वज्ञांचं म्हणणं, हे संवर्धन नाही, ही नवी बांधणी आहे, जे उभं केलंय ते अंदाजावर आहे, आणि आता मूळ काय नि नवं काय ते कोणाला कळणार. ओपीडब्ल्यूचं म्हणणं, जे केलं ते उत्खननात मिळालेल्या पुराव्यावर केलं, आणि उरलेले अवशेष तसेच सोडले असते तर काही वर्षांत वाऱ्यापावसाने तेही खाली गेले असते. तक्रार युनेस्कोपर्यंत गेली आणि २००७ च्या शेवटी त्यांचं पथक पाहणीला आलं.

पथकाचा निष्कर्ष साधारण असा, की कामाने जागेचं रूप बरंच बदललंय हे खरं आहे, पण काम समर्थनीय आहे आणि साईटचं जागतिक मोल शाबूत आहे. त्याच बरोबर उत्खननाची माहिती प्रसिद्ध करा हेही सांगितलं. २००८ ते २०१८ चा व्यवस्थापन आराखडा तयार झाला आणि १९८६ ते २०१० च्या उत्खननांचा मोठा अहवाल २०११ मध्ये बाहेर आला.

माझं मत विचाराल तर भिंती उभारणं चुकलं असं मी म्हणणार नाही. चुना नसलेली भिंत ही मुळात परत परत रचायचीच वस्तू आहे, साधूंनी स्वतः शेकडो वर्षांत किती वेळा रचली असेल त्याचा हिशोब नाही, आणि नुसत्या खालच्या थरांवर अटलांटिकचा वारा सोडून द्यायचा हे काही जपणं नव्हे. चुकलं ते हे, की काम आधी आणि अहवाल नंतर, तोही पंचवीसेक वर्षांच्या उत्खननाचा एकत्र. जिथे शंभरातली निव्वळ दोन-चार माणसं स्वतः जाऊन बघू शकतात, म्हणजे दक्षिण शिखरावर तर जवळपास कोणीच नाही, तिथे कागदावरची नोंद हाच बाकीच्या जगासाठी पुरावा असतो. उत्खनन करताना तुम्ही तो पुरावा जमिनीतून काढून टाकता, परत खणता येत नाही, मग त्याची नोंद दर मोसमानंतर लोकांसमोर यायलाच हवी होती. दगड हलवायचा हक्क ज्याला आहे त्याच्यावर ही जबाबदारी पहिली. टीकाकारांनी कडक शब्दांत बोललं म्हणून तरी ते बाहेर आलं, असं मला वाटतं.

हे मराठी वाचकाला लांबचं वाटायचं कारण नाही. २०२५ मध्ये आपले किल्ले मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जागतिक वारसा यादीत गेले, १२ पैकी ११ महाराष्ट्रातले, आणि आता तिथेही हेच प्रश्न येणार आहेत, ढासळलेला तट कुठपर्यंत उभा करायचा, नव्या दगडावर खूण ठेवायची का, काम करण्याआधीचे ड्रॉइंग आणि फोटो सगळ्यांना बघायला मिळणार का. स्केलिगवाल्यांनी ही परीक्षा आधी दिलीये, त्यांचे पेपर बघून घ्यायला काय हरकत आहे.

परत बेटावर. तिथे गवंड्यांना आणखी एक अडचण असते जिचा विचार आपल्याला पटकन सुचणार नाही. स्टॉर्म पेट्रल नावाचा चिमणीएवढा समुद्रपक्षी मठाच्या भिंतींच्या फटींमध्येच अंडी घालतो, म्हणजे तुम्ही जी हजार वर्षांची भिंत म्हणून दुरुस्त करायला जाता ती कोणाचं तरी चालू घर असते. फटी बुजवल्या की पक्षी गेला. मॅन्क्स शिअरवॉटर आणि पफिन उतारावर बिळं करतात, त्या बिळांनी माती पोकळ होते आणि पायऱ्यांच्या आजूबाजूचा उतार कमकुवत होतो, तरी त्यांना हाकलता येत नाही, कारण दोन्ही बेटं पक्ष्यांसाठी संरक्षित आहेत. शेजारच्या लिटल स्केलिगवर गॅनेट या समुद्रपक्ष्याच्या ३५ हजारांच्या आसपास जोड्या आहेत, लांबून तो खडक बर्फ पडल्यासारखा पांढरा दिसतो, आणि तिथे कोणालाच उतरू देत नाहीत. मठातल्या दफनभूमीतून समोर हाच खडक दिसतो. मला हे पक्ष्यांचं प्रकरण मठापासून वेगळं काढावंसं वाटत नाही, साधू याच पक्ष्यांवर जगले, त्यांच्यामुळेच तिथे राहणं शक्य झालं.

आता माणसांचं. बेटावर उतरायचं तर साधारण मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंतच, आणि दिवसाला १८० जण, परवाना असलेल्या १५ बोटी, प्रत्येकीत १२ माणसं. समुद्र खवळलेला असेल तर बोट जातच नाही, आणि असं मोसमात बऱ्याचदा होतं, आगाऊ बुकिंग करून, बोटी सुटतात त्या पोर्टमॅगी गावाला येऊन बसलेले लोक परत जातात. उतरताना बोट लाटेबरोबर वरखाली होत असते, बोटवाला सांगेल त्या क्षणी पायरीवर पाऊल टाकायचं. वर ना टॉयलेट, ना दुकान, ना आडोसा. ओपीडब्ल्यूचे गाइड मोसमात आळीपाळीने बेटावरच राहतात, चढायच्या आधी सगळ्यांना नीट समजावून सांगतात.

२००९ मध्ये एकाच मोसमात दोन वेगवेगळ्या घटनांत दोन पर्यटक पडून गेले. दोन जीव गेल्यावर रेलिंग लावा ही मागणी होणारच, आणि तिला हलकं समजणं मला बरोबर वाटत नाही. पण पायऱ्यांना खालपासून वरपर्यंत रेलिंग लावलं नाही, त्याऐवजी सूचना, गाइड, आणि वाईट हवेत सरळ प्रवेश बंद यावर भर दिला. मी या निर्णयाच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण वर आलंच आहे. रेलिंग लावायला हजार वर्षांच्या पायऱ्यांना भोकं पाडायला लागतील ही एक गोष्ट. दुसरी जास्त महत्त्वाची, रेलिंग दिसलं की चढणाऱ्याला वाटतं ही जागा सेफ आहे, आणि ती सेफ नाहीये, कधीच नव्हती. चक्कर येत असेल, गुडघे साथ देत नसतील, तर वर जाऊ नये, यात कमीपणा काही नाही.

सिनेमाचं प्रकरण टाळता येणार नाही. स्टार वॉर्सच्या नव्या मालिकेसाठी जुलै २०१४ आणि सप्टेंबर २०१५ मध्ये बेटावर शूटिंग झालं, आयरिश सरकारच्या परवानगीने. पक्षीप्रेमी आणि वारसा संस्थांनी जोरदार आक्षेप घेतले, विशेषतः जुलैमधल्या शूटिंगला, कारण तेव्हा पिल्लं घरट्यात असतात. सरकारचं म्हणणं पर्यटन वाढेल, आणि वाढलंच, पोर्टमॅगी आणि आजूबाजूच्या गावांना चार पैसे मिळाले, तिकडे रोजगार तसेही कमी. गावकऱ्यांना बोल लावायचं काहीच कारण नाही. पण परवानगी देणाऱ्यांवर माझा राग आहे. पर्यटकांना दिवसाला १८० ची मर्यादा घालायची, साध्या माणसाला कितीतरी आधी बुकिंग करायला लावायचं, आणि पिल्लांच्या दिवसांत एका मोठ्या स्टुडिओला अख्खं युनिट घेऊन जाऊ द्यायचं, यात नियमाची किंमत काय राहिली? पुढच्या भागातल्या बऱ्याच दृश्यांसाठी त्यांनी डिंगलच्या टोकावर खोप्यांचा सेट उभारला, तो पहिल्यापासूनच उभारता आला असता.

आता २०२० ते २०३० साठीचा नवा आराखडा आहे आणि त्यात हवामान बदलाचा विषय मोठा आहे, जास्त पाऊस म्हणजे जास्त दरडी, आणि दरडी पायऱ्यांवरच येतात. बोटी वाढवा अशी मागणी अधूनमधून होते. माझं म्हणणं, १८० वर एकही वाढवू नये, दरडीमुळे वाट बंद ठेवावी लागली तर खुशाल ठेवावी, आणि त्याऐवजी दक्षिण शिखरासकट सगळ्या बेटाची मोजणी, थ्रीडी स्कॅन, कुठला दगड कधी हलवला याची नोंद, हे सगळं कोणालाही घरबसल्या बघता येईल असं उघडं करावं. ज्यांना डोळ्यांनी बघायचंय पण चढायचं नाहीये त्यांच्यासाठी बेटाला बोटीने फक्त फेरी मारून आणणाऱ्या सहली आहेत, त्यात लिटल स्केलिगचे गॅनेटही जवळून दिसतात, आणि व्हॅलेन्शिया बेटावर १९९२ पासून माहिती केंद्र आहे जिथे समुद्र कितीही खवळलेला असला तरी जाता येतं.